हात धुऊन येतो

चिकलठाणा,
१८ फेब्रुवारी

प्रिय सखाराम,

सप्रेम जयभीम. लग्नाची दगदग उतरली असेल. तुझ्या सम्यकची बायको हसरी आहे, घर भरून टाकील. बिडकीनच्या त्या मांडवात वंदना चालू असताना मी मनानं मात्र पिशोरच्या शाळेत होतो. एका बाकावर बसून आपण कविता घोकायचो. मी ओळ विसरलो, की तू ओठ न हलवता पुढचा शब्द सांगायचास.

लग्नातून मधेच निघालो, ते बीपी वाढलं म्हणून, असं मी फोनवर म्हणालो. "जप लेका," एवढंच तू बोललास.

काल नात श्रेयानं विचारलं, "आजोबा, स्लिंक म्हणजे काय?"

मी रंगात आलो. "चांदण्यात कौलांवरून मांजर जातं ना, पाऊल न वाजवता, तसं."

"नाही हो! इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या, त्यात लाज पाहिजे. कुणी बघू नये म्हणून अंग चोरून निघायचं. तुम्ही पंगतीतून निघालात ना, तसं."

सून आतून ओरडली, "श्रेया, गप बस!"

"खोटं बोलते का मी? सखाराम आजोबा जेवलेच नाही. पंगत उठली तरी तुमच्या पत्रावळीवरच्या माशा हाकत बसले होते."

बीपी नव्हतं, सखाराम. तू मला शेजारी बसवलंस, बुंदी वाढून झाली, आणि व्हिडिओवाला रांगेनं पुढं येताना दिसला. पिशोरची भावकी बघेल, एवढंच डोक्यात आलं. 'हात धुऊन येतो' म्हणालो आणि आचाऱ्यांच्या मागून रस्त्यावर आलो. तिथून श्रेयाला फोन केला. ती पोटभर जेवून, सावकाश आली.

पण भावकीचं नाव तरी किती पुढं करू? तुझ्या घरी आलो, की मनकर्णावहिनी केळी ठेवतात. "बद्रीभाऊंना केळीच लागतात," म्हणून तुम्ही हसता, मीही हसतो. उभ्या जन्मात तुमच्या चुलीवरचं मी खाल्लं नाही, आणि ते तुम्ही माझ्या आवडीखाली झाकून ठेवलंत. मला ते कळत होतं.

येत्या रविवारी जेवायला येऊ का? नको म्हणालास, तर तो तुझा हक्क. ये म्हणालास, तर वहिनींना सांग, मला केळी आवडत नाहीत.

तुला उपाशी उठवणारा,
बद्रीनाथ