शेवटचं कडवं

१२ जानेवारी १९८३
भाऊजींचा टेपरेकॉर्डर आजपासून आमच्याकडे. कन्हानच्या खाणीत पाळ्या करून त्यांना ऐकायला वेळ नाही. ताई म्हणाली, "पडूनच होता, तुले कामी येईन." बी.ए. झाल्यापासून सगळ्यांना वाटतं, मला सगळंच कामी येईल. शाळेतली नेमणूक तात्पुरती, मार्चपर्यंत.

सायंकाळी शेजारच्या शेवंतामावशीकडे. विड्या वळता वळता तिने स्वतः केलेलं विहिरीचं गाणं म्हटलं. तिची आई विहिरीपासून लांब उभी राहून कोणी पाणी वाढेल याची वाट पाहायची, ते. तिचाच आवाज तिला ऐकवला. मांडीवरचं तंबाखूचं सूप सांडलं. "अवं, हा तं मेलेल्या बाईचा आवाज वाटते." मग पुन्हा लाव, पुन्हा लाव.

२ फेब्रु.
ठरलं. कॅसेट फिरती ठेवायची. नामकरणाला, जयंतीला गाणारे, स्वतः गाणी रचणारे वस्तीत इतके, आणि पलीकडच्या गल्लीला माहीत नाहीत. रेडिओवर जायला ओळख लागते. तर आपणच: थोडी कॅसेट आपण भरायची, उरलेली कोरी कन्हानला. तिथले गाऊन परत पाठवतील. ज्याला हवी त्याने कोरी आणून उतरवून न्यावी.

नियम एकच. सगळ्यांना सारखा वेळ. समता गाण्यात सांगायची आणि टेपवर मात्र मोठ्या गवयाला जास्त जागा, हे नको. लांब गाण्यांचं शेवटचं कडवं गाळायचं, त्यात नाहीतरी रचणाऱ्याचं नावच असतं. मावशीच्या गाण्यातलं 'शेवंता म्हणे' पण. तिला म्हटलं, नाव कशाला, गाणं पोहोचू दे. म्हणाली, "तू शिकेल हायस. तू म्हणशीन तसं."

बाबा: "घ्या, आता आमच्या घरात रेडिओ स्टेशन निघालं."

२७ फेब्रु.
कॅसेट परत आली!! तीन नवे गाणारे. एक खाणकामगार मध्येच खोकतो, पण आवाज काय! शेवटी कोणीतरी बोललंय, "नागपूरच्या विहिरीवाल्या बाईले जयभीम." मावशी पदर तोंडाला लावून बसली. अंगणात माणसं मावेनात. कुहीकडचा एक जण कोरी कॅसेट घेऊन एस.टी.ने आला होता.

हे असंच वाढलं तर...

१४ एप्रिल
मिरवणुकीच्या भोंग्यांवर मावशीचं गाणं. आमच्याच नाही, तीन-चार वस्त्यांत. सगळे विचारतात, कोण ही विहिरीवाली? केवढा आनंद झाला मला.

मावशीचा खोकला थांबत नाही. दवाखान्यात सांगितलं, तंबाखूचं काम सोडा. "सोडतो. मंग खाऊ काय, गाणं?" हसली, आणि हसतानाच उबळ आली.

माझी नेमणूक संपली, ते लिहायचं राहून गेलं.

३ सप्टें.
पानठेल्यावर तेच गाणं. पुरुषाचा आवाज, मागे बँजो, ढोलकी. उभी राहून ऐकलं. शेवटी नवं कडवं: 'प्रल्हाद म्हणे'.

पानवाला: "नवीन कॅसेट हाय बाई, लय चालून राह्यली."

मावशीला सांगितलं नाही. रात्री तिच्याच घरातून विचारणा, "सुनंदे, माह्यं गाणं कोण गाऊन राह्यलं वं?"

९ सप्टें.
भाऊजींबरोबर कामठीला, प्रल्हादकडे. ऑर्केस्ट्रात गातो. मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्याने चहा दिला, आईला बोलावलं. "ताई, टेपवर नाव नव्हतं. नाव नाही ते गाणं कोणाचंही, गाणारा आपलं नाव घालते. माह्या गुरूनं असंच शिकवलं." खरं आहे. आमच्यात हे लहान पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं.

"बाईले आणा, मी पाया पडतो. पण कॅसेट तं गावोगाव गेली ना."

येताना भाऊजींनी माझंही तिकीट काढलं. त्यापेक्षा रागावले असते तर.

११ सप्टें.
नावासकट पुन्हा भरून घेऊ म्हटलं. दोन ओळींत मावशीला धाप. चार वेळा. पाचव्यांदा तिनेच बटण दाबलं. "राहू दे."

१६ ऑक्टो., दसरा
दीक्षेच्या सोहळ्याची गर्दी. एका छोट्या मंचावर खूप विनवून मावशीसाठी थोडा वेळ मिळवला. मंचावर नाव पुकारलं गेलं, पूर्ण नाव. पहिल्यांदाच.

गायली. कुठून श्वास आणला कोण जाणे. लोक तिच्याबरोबर म्हणू लागले, हजार माणसं तिचं गाणं म्हणत होती. 'शेवंता म्हणे' आलं आणि पुढचा एक पोरगा प्रेमाने ओरडला, "आजी, नाव चुकलं! प्रल्हाद म्हणे हाय ते!" हशा. वाईट हसणं नव्हतं. मी मंचाखालून ओरडत होते, तिचंच आहे, तिचंच आहे. भोंग्यापुढे माझा आवाज किती.

मावशीने हात जोडले आणि उतरली.

२० नोव्हें.
सकाळी कन्हानहून निरोप. तिथल्या एका बाईने आयुष्यातलं पहिलं गाणं रचलंय, फिरत्या कॅसेटवर जागा मिळेल का? किती मोठं चालेल? काय कळवू? टेप उचलून भाऊजींना परत द्यावा वाटतं. मग त्या बाईचं कोण ऐकणार?

दुपारी मागच्या गल्लीत नामकरण. बायका मावशीच्या मागे लागल्या, "ते कॅसेटवालं म्हणा." मी म्हटलं, तिला दम लागतो. ती म्हणाली, म्हणतो. अर्ध्या आवाजात गायली. शेवटच्या कडव्यापाशी थांबली. कोणाकडेच पाहिलं नाही. मग 'प्रल्हाद म्हणे' म्हणून गाणं पुरं केलं. टाळ्या पडल्या. बाळ दचकून रडलं.

येताना विचारलं, "काहून, मावशी?"

"लोकं त्या ओळीसाठी थांबले होते वं."

चढावर मी तिचा हात धरला. तिने काढून घेतला नाही. पण तिने माझा धरला नव्हता.