ठासलेली बंदूक आणि तपासनीस बाई

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (गुडघा धरलाय, तेव्हा मनातल्या मनात वाकलोय, चालवून घे). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा रक्तदाब कसा आहे? हे उगाच रीत म्हणून विचारत नाही. या पत्राचा मधला भाग त्यांना वाचून दाखवण्याआधी खरंच मोजून घे आणि त्यांना आधी बसव. बाकी इकडे आम्ही सगळे खुशाल. सगळे म्हणजे मी आणि चार बंदुका.

बंदुकांविषयी एक अक्षर बोललास तर फोन ठेवीन, असं तू मागच्या वेळी म्हणाली होतीस. म्हणून बोलत नाही, लिहितोय. तुला सगळं पाठ आहे, पण भाऊजी दर वेळी "त्या तुझ्या तोफा" म्हणतात म्हणून पुन्हा सांगतो. ब्लंडरबस ही तोफ नव्हे. ती आखूड, जाडजूड, कर्ण्यासारख्या पसरट तोंडाची जुनी बंदूक. तिच्या घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी मागच्या छोट्या छिद्रातून आत जाते, दारू पेटते आणि नळीत जे काही ठासलं असेल ते समोरच्याच्या अंगावर जातं. पहिली मी जुन्या बाजारात ग्रामोफोनचा कर्णा समजून घेतली, हे खरं आहे. दुसरी घेतली ती पहिलीला एकटं वाटू नये म्हणून (हाच विचार स्वतःच्या बाबतीत का करत नाहीस, असं तू तेव्हा म्हणाली होतीस). पुढच्या दोन कशा आल्या ते विचारू नकोस. माणसाला नाद लागतो. कुणी पत्ते खेळतं, कुणी राजकारणावर बोलतं, मी कवळ्या करतो आणि उरलेल्या वेळात बंदुका पुसतो. तू आणलेली स्थळं भिंतीकडे बघून चहा न पिताच उठून गेली, याला माझा इलाज नव्हता. खाली टेबलावर दातांची रांग आणि वर बंदुकांची, असं दृश्य सगळ्यांनाच मानवत नाही.

तर झालं असं, की खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी चौकीत तक्रार दिली. वरच्या घरात शस्त्रांचा साठा आहे आणि तिथं राहणारा माणूस कमी बोलतो, हे दोन्ही त्यांना सारखंच संशयास्पद वाटलं. चौकीतून निरोप आला की बंदुका जुन्या आणि निरुपयोगी आहेत असा दाखला संग्रहालयाकडून आणा, नाहीतर चारही जप्त होतील. ताई, तुला खोटं वाटेल, पण त्या आठवड्यात मी एकाच माणसाच्या कवळीत दोन्ही वरचेच जबडे बसवून दिले. तो बिचारा आरशासमोर उभा राहून म्हणाला, "हसू येतंय, पण तोंड मिटत नाहीये." एवढं माझं चित्त ठिकाणावर नव्हतं.

मी समजत होतो की संग्रहालयातून कुणी जाड चष्म्याचे गृहस्थ येतील. आल्या त्या तपासनीस बाई. साधारण माझ्याच वयाच्या, खांद्याला हत्यारांची पिशवी, पायात बूट, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द मोजून घेतल्यासारखा. मास्तर जप्ती बघायला म्हणून आधीच दारात येऊन उभे होते. बाईंनी पहिल्या दोन तपासल्या. तिसरी, म्हणजे सोफ्याच्या वरची, मी मोठ्या ऐटीत उतरवून दिली आणि म्हणालो, "हिचा घोडा अजून मस्त चालतो. येणाऱ्या प्रत्येकाला मी ठिणगी पाडून दाखवतो." बाईंनी नळीत एक गज सरकवला, तोंडाशी बोटानं खूण धरली, मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहिला. छिद्रापर्यंत पोचायला हवा होता, तो चार बोटं अलीकडेच अडकत होता. त्यांनी पुन्हा घालून पाहिला. मग चहा गार झालाय असं सांगावं त्या आवाजात म्हणाल्या, "ठासलेली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे भरलेली आहे. दारूसकट. तुम्ही घेतलीत तेव्हापासून, आणि त्याच्याही आधीपासून."

आता भाऊजींना पाणी दे. तुमच्या बैठकीच्या खोलीत तो फोटो लावलाय ना, ज्यात भाऊजी बंदूक रोखून उभे आहेत आणि तू समोर हात वर करून हसतेयस? तीच बंदूक. त्या दिवशी भाऊजींनी हौसेनं तीनदा चाप ओढला होता. (फोटो लगेच काढून टाकू नकोस. तू त्यात फार छान आली आहेस.)

मास्तरांना जिने उतरायला मनाई आहे, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. त्या दिवशी ते दोन-दोन पायऱ्या एकदम उतरले. मी मात्र जागचा हललो नाही. त्यात शौर्य काही नव्हतं, पायच उचलत नव्हते. बाईंनी छिद्रावर भिंग धरलं आणि त्यांना पहिल्यांदाच हसू फुटलं. छिद्र पार बुजलेलं होतं. आधी जुन्या मळानं, आणि त्यावर गुलाबी काहीतरी घट्ट बसलं होतं. ते माझं कवळीचं पॉलिश, ताई! रोज रोज घासत बसतोस म्हणून तू ज्याच्यावरून चिडायचीस, त्याच पॉलिशनं ठिणगी बाहेरच्या बाहेर अडवली होती. बाई म्हणाल्या, "इतकं वाईट पॉलिश केलेली बंदूक मी आजवर पाहिली नाही. देवाची कृपा म्हणा."

मग कोमट पाणी. छिद्र कोरून त्यातून आणि तोंडातून पाणी सोडायचं, आतली दारू पुरती भिजू द्यायची आणि टोकाला स्क्रू असलेल्या गजानं सगळं हळूहळू ओढून काढायचं. मोठी बादली माझ्याकडे नव्हती. ती मास्तर घेऊन आले (दारातूनच सरकवली, पण आणली, हे लिहायलाच हवं). दारू भिजेपर्यंत आम्ही दोघं स्वयंपाकघरात बादलीच्या दोन बाजूंना स्टुलांवर बसलो. मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. पण मध्ये बंदूक असली की मला फार बरं सुचतं. बाईंचे यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेले. घरी वडील आणि त्या. संग्रहालयात दिवसभर काचेआडच्या वस्तूंशी बोलतात, म्हणाल्या, कारण त्या बोलणं मध्येच तोडत नाहीत. मी म्हणालो, माझंही तसंच, माझ्या गिऱ्हाइकांच्या तोंडात सदैव मापाचं मेण असतं. यावर त्या इतक्या हसल्या की मास्तरांनी खालून, काही उडालं का, असं विचारलं.

शेवटी गजाला चिंधीचा बोळा लागून आला. त्यामागून खिळे, फुटक्या बशीचे तुकडे, एक पितळी बटण, आणि सर्वांत शेवटी काळा चिखल. बाईंनी सगळं वर्तमानपत्रावर मांडलं. म्हणाल्या, घाईत भरलीय, हाताला लागेल ते कोंबलंय, अगदी सदऱ्याचं बटणसुद्धा. मी विचारलं, मग उडवली का नसेल? त्यांनी ते बटण उचलून बोटानं पुसलं. मग म्हणाल्या, "दारात जो आला असेल तो ओळखीचा निघाला असेल."

ताई, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

दाखला मिळाला. चारही बंदुका माझ्याच घरी राहिल्या. मास्तरांनी तक्रार मागे घेतली, आणि आता त्यांच्याकडे पाहुणे आले की ते त्यांना वर घेऊन येतात आणि ती कथा सांगतात. त्यांच्या कथेत ते जिना उतरत नाहीत. बाईसुद्धा अधूनमधून येतात. चौथी दाखल्यापुरतीच पाहिली होती म्हणून ती नीट तपासायला आल्या, मग पहिली पुन्हा बघायला, मग कशालाच नाही. परवा त्यांनी माझं पॉलिश ओतून दिलं आणि स्वतःचं आणलं. मला ते आवडलं.

भाऊजींना नमस्कार. रक्तदाब उतरला की कळव.

तुझाच,
बारक्या (वय अठ्ठेचाळीस)

ता. क. येत्या रविवारी तू इकडे यायलाच हवंस. बाई वडिलांना घेऊन येणार आहेत. त्यांना बंदुका बघायच्या आहेत.

दुसरा ता. क. त्यांना बंदुका बघायच्या नाहीत. मीच बोलावलंय. मला बाईंना लग्नाचं विचारायचंय, आणि आरशासमोर उभा राहिलो तरी अर्ध्यातच माझा आवाज बसतो. तू माझ्या वतीनं विचार. तुझं ऐकून कुणी नाही म्हटलेलं मी पाहिलेलं नाही. बाईंना यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही.

तिसरा ता. क. ताईंना नमस्कार. हे अक्षर माझं आहे. बंदुकीविषयीचा मजकूर बिनचूक आहे का, एवढंच बघायला यांनी पत्र माझ्या हाती दिलं आणि पहिल्या दोन पानांपलीकडे वाचू नका असं बजावलं. तपासनिसाला असं कधी सांगू नये. मजकूर बरोबर आहे. पाकीट मीच चिकटवून पेटीत टाकते आहे, यांना काही बोलणार नाही. माझं उत्तर हो आहे, ते तुमच्याजवळच ठेवा. रविवारी जरूर या, पण विचारू मात्र त्यांनाच द्या. कितीही अडखळले तरी मध्ये बोलू नका. मला ते सगळं ऐकायचं आहे.