वळच्या गोदामातला यू

३ जून
वळ गावच्या गोदामात तिसरा महिना लागला. पोस्ट: लेबल चेकर. बत्तीस वर्षं भिवंडीत इंग्रजी शिकवून रिटायर झालो, तर बाळाराम पाटील स्वतः घरी बोलवायला आले. गोदामाची जमीन त्यांची. सर, तिथं तुमच्यासारकाच मानूस पायजे, म्हणाले. इंग्रजीची कदर आहे अजून. १ जुलैला कन्फर्मेशन. पक्कंच समजायचं.

४ जून
खोक्यांवर ‘कलर’ आहे, यू गायब. ‘ग्रे’मध्ये ईच्या जागी ए. अमेरिकनांना एवढी घाई कसली, देव जाणे. लाल पेनने सतरा लेबलं सुधारली. मॅनेजर मृणाली म्हणाली, सर, माल अमेरिकेतच जातो, तिकडे असंच लिहितात. पोर कोवळी आहे. शिकेल.

९ जून
निर्धार: स्पेलिंगच्या शिस्तीवर रोज एक रिपोर्ट. आज नऊ पानं.
बाळारामांचा पुतण्या हितेश चक्कर मारायला आला. नववीत माझ्याकडे दोनदा नापास. पाया पडला. त्याला ‘सेंटर’ लिहायला लावलं. दोन्ही प्रकारे लिहिलंन् आणि म्हणतो, दोन्ही चालतात, सर. दोन्हींवर काट मारली.

१५ जून
सौ. शुभदा म्हणते, आपल्या डिक्शनरीतही दोन्ही दिलीत. ती नवी आहे. माळ्यावरून जुनी काढली. तीतही दोन्ही. पण दुसरं बारीक टाइपात. म्हणजे मनापासून नाही.

२० जून
रिपोर्टांना उत्तर नाही. वर गेले असणार. अमेरिकेत मीटिंगा चालू असतील.

३० जून, संध्याकाळी ६
मृणालीने केबिनमध्ये बोलावलं. उद्यापासून येऊ नका म्हणाली. मी म्हटलं, यूसाठी नोकरी गेली तरी बेहत्तर. तिला काही कळेना. मग सांगितलंन्. जमीन देताना ठरलं होतं, बाळारामांची चार माणसं कामाला घ्यायची. तीन हमाल आणि मी. आता माझ्या जागी हितेश.
माझ्या रिपोर्टांमुळे का, असं दोनदा विचारलं. कुठले रिपोर्ट, म्हणाली. फार लागलं. यूवरून हाकललं असतं तर मान तरी राहिला असता.

६.४५
शुभदाला सांगितलं, तत्त्वाचा प्रश्न होता, राजीनामा तोंडावर फेकून आलो. ती म्हणाली, बाळारामांच्या हौसाबाईंचा दुपारीच फोन आला होता. सर मनाला लावून घेतील, जरा सांभाळून घ्या म्हणाल्या.
मी हातपाय धुवायला गेलो.