वैद्यबाईंचा निरोप

रविवार, ५ मार्च

फासा कपाटाखाली गेला. नवरा ओणवा होऊन तो काढेपर्यंत मी सासूबाईंचं पात्र पुरं करून टाकलं. वर्ग – वैद्य.

आमचा रविवारचा खेळ असा, की प्रत्येकाने एक पात्र होऊन गोष्टीत शिरायचं. टोळीत योद्धा आहे, तो नवरा. जादूगार मी. जखमा भरणारं कुणीच नव्हतं. गोष्ट सांगते आमची दातांची डॉक्टर. राक्षस तिचे, गुहा तिच्या, निकाल फाशांचा. ती म्हणाली, काकूंना विचारलंस का? मी म्हटलं, त्यात काय विचारायचं, सासऱ्यांचं एवढं आजारपण त्यांनी एकटीने काढलं, हातखंडा आहे त्यांचा.

आईंनी चष्मा काढला. तो पुसत राहिल्या.

सोमवार, ६ मार्च

मोठ्या दिरांचा फोन. जाऊबाईंचे दिवस भरत आलेत, पहिली पोरगी हाताबाहेर. महिनाअखेर येऊन आईला घेऊन जातो म्हणाले. आता कायमचंच. 'तू असलीस की घर मार्गी लागतं गं.' आई 'बघते' म्हणाल्या.

नवरा म्हणतो, तिचं ती ठरवेल. किती सोपं!

त्यांनी जायला नको आहे मला. त्यांना हे सांगितलेलं नाही.

रविवार, १२ मार्च

पहिली मोहीम. पूल, दलदल, दोन राक्षस. नवरा नेहमीप्रमाणे आधी घुसला, मग मार खाल्ला. आईंनी त्याला उभं केलं. मग मला. मग पुन्हा त्याला. शेवटी डॉक्टरने विचारलं, कसं वाटलं?

छान, म्हणाल्या. सगळे मजेत खेळलात.

तुम्हीही खेळलात की, काकू.

'मी कुठं? मी मागे उभी होते.'

नवरा हसला. मी कपबशा उचलल्या.

बुधवार, १५ मार्च

आई नियमांचं पुस्तक वाचतायत. चोराच्या पानावर बोट ठेवून विचारलं – कुलूप उघडायला काय लागतं? चपळाई, मी म्हटलं. त्यांचा पुढचा प्रश्न – वर्ग बदलता येतो का?

आमच्या टेबलाचा कायदा सांगितला. खोडरबर चालत नाही. पात्र बदलायचं तर आधीच्याने गोष्टीतच, सगळ्यांसमोर निरोप घ्यायचा. कारण सांगून. ते पटलं तर डॉक्टर सोडते, नाही तर नाही. नवऱ्याने एकदा आपला धनुर्धर 'कंटाळलाय' म्हणून सोडवायचा प्रयत्न केला. सुटला नाही.

'कारण सांगायचं,' त्या स्वतःशीच म्हणाल्या.

गुरुवार, १६ मार्च

दिरांचा पुन्हा फोन. खोली तयार केलीय. आई पुन्हा 'बघते'.

रविवार, १९ मार्च

गुहेच्या तोंडाशी नवरा अर्धमेला पडलेला. माझे मंत्र संपलेले. डॉक्टर म्हणाली, वैद्यबाई, तुमची पाळी.

आईंनी फासा उचललाच नाही. त्याच्या पात्राला एवढंच सांगितलं की पट्टी पिशवीत आहे, पाणी उकळून घे, जखम धू, मग बांध. नवरा म्हणाला, अगं, मला कुठं येतंय ते?

'शीक. मी निघाले.'

का, डॉक्टरने विचारलं. कायद्याप्रमाणे. हसत नव्हती.

आई सरळ बसल्या. दोन्ही हात टेबलावर. मग सावकाश, जणू कुणी लिहून घेतंय –

'या सगळ्यांवर राग नाही माझा. दमलेही नाही. पण मी आले की हे बेधडक उड्या मारतात, आणि माझी उडी राहते. मला एकदा पुढे जाऊन दार उघडून बघायचंय, आत काय आहे ते.'

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे.

सुटलात, डॉक्टर म्हणाली.

मग चोर घडवला. या वेळी पेन्सिल त्यांच्याच हातात. सगळ्यात मोठा आकडा चपळाईला. नवरा म्हणाला, आणि गुडघे? 'गुडघे माझे दुखतात, तिचे नाहीत.' सगळ्यात लहान आकडा त्यांनी दयेला दिला. डॉक्टरने भुवया उंचावल्या. आई म्हणाल्या, राहू दे, थोडी कमीच बरी.

पहिल्याच दाराशी वीस बाजूंच्या फाशावर पूर्ण वीस पडले. एवढ्या मोठ्याने हसताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं.

सगळं आवरल्यावर ओट्याशी मी म्हटलं, आई, तुम्ही जाऊ नका. त्यांनी विचारलं, कशासाठी? मी ओटा पुसला. मग म्हटलं, रविवारी चोर लागेल.

बरं, म्हणाल्या.

सोमवार, २० मार्च

सकाळी आईंनी दिरांना फोन केला. बाळ बघायला येईन, आठ दिवस, पाहुणी म्हणून. राहायला येणार नाही. मग चपला घालून फिरायला निघाल्या. दारातून आम्हाला सांगितलं, आजपासून तुमचे डबे तुम्ही करा. नवऱ्याने अंडी उकडली. मी पाव कापला. दोघांनाही ऑफिसला उशीर झाला.