मेणबत्तीतला ण

६ डिसेंबर, मंगळवार

आधी एक दुरुस्ती. काल आल्या आल्या घाईत लिहिलं की समोरच्या इमारतीला सहा मजले आहेत. आज नीट मोजले. सात आहेत, आणि प्रत्येक मजल्यावर सात खिडक्यांपुरती जागा. काही ठिकाणी खिडकी, काही ठिकाणी नुसती भिंत. ताईची खिडकी दुसऱ्या मजल्यावर, डावीकडून तिसरी. ही खोली तिनेच मला बघून दिली. सकाळी दोघी आपापल्या खिडकीत चहा घेऊन उभ्या राहिलो. तिने हातवारे करून विचारलं, केस विंचरलेस का. नव्या गावात असं विचारणारं कुणी असलं की निम्मं परकेपण तिथेच जातं.

कामही मनासारखं मिळालंय. साप्ताहिकाच्या नाताळ अंकासाठी गूढ शब्दकोडं रचायचं, सात बाय सात चौकोनांचं. काळे चौकोन कुठे घालावेत सुचेना, तेव्हा समोरची इमारतच उतरवून घेतली. खिडकी तिथे पांढरा, भिंत तिथे काळा. कोड्याचा कागद उलटा फिरवला तरी काळे चौकोन त्याच जागी दिसले पाहिजेत, असा या कामातला नियम. इमारत त्यातही बरोबर बसली. ताई फोनवर हसत सुटली. म्हणाली, माझ्या खिडकीत चांगलं अक्षर घाल, उगाच ढ घालू नकोस.

एक सूत्र जमलं: 'गाईला अर्धा ठाव मिळाला, तोच तिचा मुक्काम (२)'. गाय म्हणजे गो, अर्धा ठाव म्हणजे ठा. गोठा. जेवणाच्या टेबलावर बाबांनी हेच शिकवलं. सोडवणाऱ्याला चकवावं, फसवू नये.

९ डिसेंबर, शुक्रवार

'रेनडियर' छळतोय. कसाही तोडला तरी हाती चुरा. संपादकांनी चौथ्यांदा सूत्र परत केलं. म्हणाले, जमत नसेल तर चौकोन काळा करा आणि शब्द बदला, अंक तुमच्यासाठी थांबणार नाही. केला. नियमाप्रमाणे कागद उलटा फिरवल्यावर त्याच्या जागी येणारा जोडीदारही काळा केला. हरल्यासारखं वाटलं.

१० डिसेंबर, शनिवार

पाचव्या मजल्यावरची कुंड्यांची खिडकी दिसत नाही. तिथे भिंत आहे. नवी नाही, जुनीच, पाण्याचे ओघळ उतरलेली. तिसऱ्या मजल्यावर व्हायोलिनचे मास्तर राहायचे, तिथेही भिंत. मास्तरांनी डोकं उठवलंय म्हणून परवाच ताई कुरकुरत होती. फोन केला तर म्हणाली, कोण मास्तर? तुझं जेवणखाण धड चाललंय ना?

कागद काढून पाहिला. माझेच दोन काळे चौकोन.

१४ डिसेंबर, बुधवार

माझ्या कागदावर ते दोन्ही पांढरे केले. समोर भिंती तशाच. अंक संपादकांच्या प्रतीवरून निघतो, आणि तिथे ते काळेच आहेत. बदलून द्या म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. काय सांगू? ते म्हणाले, झालं ते सोडा, 'मेणबत्ती'चं काय ते बघा. पुढच्या गुरुवारपर्यंत चांगलं सूत्र आलं नाही तर ण काळा करून नुसती 'बत्ती' ठेवू.

कागद उलटा फिरवला. ण होता तिथे ताईची खिडकी आली.

१९ डिसेंबर, सोमवार

मेण आणि बत्ती असं तोडलं तर उत्तर हातावर ठेवल्यासारखं. मे महिना घेतला तर ण अधांतरी. ण सापडला तर बत्ती उघडी पडते. सतरा सूत्रं फाडली. ताईला म्हटलं, थोडे दिवस माझ्याकडे येऊन राहा. ती म्हणाली, तुझ्या त्या एका खाटेवर? घोरतेस तू.

२१ डिसेंबर, बुधवार

जमलं. बत्तीसमधला शेवटचा स काढायचा — 'भर उन्हाळ्यात बाणाचं टोक लागलं, सगळ्या दातांतला शेवटचा पडला, तरी उजेडच (४)'. मे, बाणाचा ण, बत्ती. चकवा आहे, फसवणूक नाही. ताईला वाचून दाखवलं. एवढंच? म्हणाली. रडू आलं मला.

२२ डिसेंबर, गुरुवार, दुपार

पान सकाळीच छापखान्यात गेलं. वाट न बघता संपादकांनी ण काळा केला — जोडीदारही, स्वतःच्या हाताने. सूत्र वाचून म्हणाले, वा, पुढच्या वर्षी वापरू.

पुढच्या वर्षी —

संध्याकाळ

दुसऱ्या मजल्यावर भिंत. ओघळ. फोन लागत नाही.

आईला विचारलं. ती म्हणाली, कुठली ताई? तू एकटीच आम्हाला —

अजून छापलेलं नाही. छापेपर्यंत काही पक्कं नसतं. छापखान्याच्या फोरमनला फोन केला. तो म्हणाला, यंत्र सुरू व्हायच्या आत या, मग बघू.

उद्या, शुक्रवार, २३ डिसेंबर. सकाळीच जाणार. दोन्ही चौकोन पांढरे करून घेणार, समोर उभी राहून. कारण विचारलं तर सांगेन, दुसरा मजला, डावीकडून तिसरी खिडकी, तिथे माझी —