नांगराला लावलेला हात

माय, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझं वय मी कधीच ओलांडून पुढे आले, आणि तरी तुझ्याशी भांडायचं राहिलं ते राहिलंच. चार-पाच दिवस झाले, मला एका जागी बसवत नाही. चहा ठेवते, दारात येते, आत जाते, तोवर चहा उतू गेलेला असतो. शेजारीण विचारते, "बाई, कोणी येनार हाय का?" कोणी येणार नाही. मी आपली चावडीवरचा तो दिवस पुन्हा पुन्हा उलगडून बघते आहे, आणि दर वेळी तू तेच बोलतेस जे तेव्हा बोललीस.

बाबा गेले तेव्हा मी इतकी लहान होते की त्यांच्या खोकल्याखेरीज मला काही आठवत नाही. राळेगावच्या अंगाला आपलं गाव, आणि गावाबाहेर नाल्याकाठी ते वावर. वावर मालकाचं, बाबा ते बटईनं करायचे, अर्धं पीक त्याच्या दारात नेऊन टाकायचे. त्यांच्या मागे तू करू लागलीस. करू लागलीस म्हणजे सगळंच. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायच्या, तिफणीमागे सरतं धरून तुरीचं बी सोडायचं, निंदण, खुरपण, कापसाचा वेचा, सगळं तुझं. फक्त नांगर आणि वखर काका हाकायचे, कारण बैल त्यांचे होते आणि बाईनं नांगराला हात लावला तर पाऊस पळतो असं गावात सगळे मानत. बाकी कशात आपल्या गावात एकी नव्हती. विहिरी वेगळ्या, वाटा वेगळ्या. पण बाईच्या हाताला पाऊस भितो, यावर वरच्या आळीपासून आपल्या वस्तीपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं.

मग छप्पनच्या दसऱ्याला तुम्ही सगळे नागपूरला गेलात आणि दीक्षा घेऊन आलात. परत आल्यावर तू देव्हाऱ्यातले टाक टोपलीत भरून नदीवर नेलेस आणि सोडून दिलेस. काका त्या दिवशी लहान पोरासारखे रडले. तू रडली नाहीस, येताना टोपलीत नदीकाठची भाजी खुडून आणलीस. त्या महिन्यांत तू मला फार आवडायचीस. ताठ चालायचीस, मोठ्यानं हसायचीस, आणि कुणी काही जुनं बोललं की "ते गेलं आता वाहून" म्हणायचीस.

पुढच्या उन्हाळ्यात काकांना हिवतापानं धरलं. वावरात कुंद्याचं तण माजलेलं, बैल गोठ्यात उभे, मृग जवळ आलेला. एका पहाटे तू मला उठवलंस. "चाल, बैलाच्या म्होरं चाल," म्हणालीस. मी विचारलं, "माय, नांगर कोन धरन?" तू लुगड्याचा काचा आवळलास आणि म्हणालीस, "देव नदीत सोडले न आपन? मंग आता रागवाले कोन उरलं?" मी पुढे चालते आहे, कासऱ्याला धरून, आणि मागून मातीचा वास येतो आहे, फाळ दगडाला लागला की तुझं "हं" ऐकू येतं आहे. उन्हं चढायच्या आत आपण परत यायचो. असं काही पहाटे चाललं. लोकांना सांगितलंस, मारेगावचा मामा येऊन नांगरून गेला. काकांनी तापातून उठल्यावर वावर पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि तंबाखू मळत बसले.

त्या साली पाऊस आलाच नाही. आला तो असा की पेरायला भाग पाडलं आणि मग तोंड फिरवलं. दुबार पेरलं, तेही गेलं. पोरं अंगाला निंबाचा पाला बांधून, मुसळाला बेडूक टांगून "धोंडी धोंडी पाणी दे" करत दारोदार फिरली. प्रत्येक घरची बाई तांब्याभर पाणी ओतायची. तू मात्र नाल्यातल्या झिऱ्यावरून वाटी-वाटीनं भरून आणलेला अख्खा घडा पोरांच्या डोक्यावर उपडा केलास. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दाराआड सरकले. पारावरच्या म्हाताऱ्या उघड म्हणू लागल्या होत्या, "कोन्या तरी बाईनं नांगराले हात लावला असन." त्यानंतर तू मोठ्यानं हसलेली मला आठवत नाही. थंडीच्या आधी वस्तीतल्या आपल्या शेजारणीचं धाकटं लेकरू गेलं. ताप आला होता म्हणे, पण घरात खायलाही काही नव्हतं, हे तुला माहीत होतं, कारण आपल्या ताटातली भाकर तूच तिच्याकडे पोचवायचीस.

आणि मग तो कायदा आला. कसणाऱ्याचं वावर होणार, अशी कोतवालानं दवंडी दिली. मालकाच्या घरी धावपळ सुरू झाली, दिवाणजी गावात गोड बोलत फिरू लागले. चौकशीला तालुक्याचे साहेब आले, चावडीपुढे खुर्ची टाकून बसले. घाटाकडचे असावेत, त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी होती. तू डोक्यावर पदर घेऊन उभी, मी तुझ्या कडेला, मागे बायका घागरी घेऊन थांबलेल्या, त्यांत ती शेजारीणही. साहेबांनी विचारलं, "बाई, शेत कोण करतं?" तू म्हणालीस, "माह्याकडंच हाय जी, हिचा बाप गेल्यापासून." तर दिवाणजी हसले. "साहेब, बाईच्यानं कुठं वावर होते का? इले इचारा, नांगर कोन धरते. बाईनं नांगर धरला तं गावात पानी पडन का?" सगळी चावडी हसली. साहेबांना ते हसणं आवडलं नाही. त्यांनी तुलाच विचारलं, "नांगर कोण धरतं?" तू म्हणालीस, "भाऊजी." ते म्हणाले, "तुम्ही कधीच नाही? एखाद्या वर्षीही नाही? धरला असेल तर सांगा बाई, घाबरू नका." माणूस तुला हात देत होता, माय. मी तोंड उघडलं, आणि तू माझा दंड इतका आवळलास की पुढे किती तरी दिवस तिथे काळंनिळं होतं. तू म्हणालीस, "नाही जी. कधीच नाही."

दिवाणजी म्हणाले, "मंग झालं. कूळच नाही." तेव्हा काका गर्दीतून पुढे आले. "म्या धरतो नांगर. वावर मीच करतो साहेब, भाऊ गेल्यापासून." आणि वावर काकांच्या नावावर लागलं. ते पुढे झाले नसते तर मालकाकडे परत गेलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून त्यांच्यावर मला धड रागावताही आलं नाही. संध्याकाळी ते आपल्या चुलीपाशी येऊन बसले. "वयनी, नाव माह्यं लागलं तं काय झालं? मी जित्ता हाओ तवर वावर तुमचंच." आणि त्यांनी ते पाळलं. पण माणूस मरतं, कागदावरचं नाव मरत नाही, ते पुढच्याकडे जातं.

मग सगळं भराभर बदलू लागलं. सोसायटी आली, ब्लॉकचं ऑफिस आलं, संकरित ज्वारी आली, पांढऱ्या खताची पोती आली. हे सगळं ज्याच्या नावानं वावर त्याच्याच दारात उतरायचं. तू एकदा नव्या बियासाठी पिशवी घेऊन सोसायटीत गेलीस. सेक्रेटरी चांगला माणूस, अदबीनं बोलला, "मावशी, वावर कोनाच्या नावानं हाय?" तू पिशवीची घडी करून परत आलीस. काका गेल्यावर चुलतभावांनी तुला टाकलं नाही, उलट निंदणाला बोलावलं. त्याच वावरात, बायांच्या रांगेत, आणि बाजाराच्या दिवशी मजुरी तुझ्या हातावर ठेवली. तू ती पदराला बांधलीस. मी पाहत होते. ज्या कायद्यानं तुला मालकीण करायचं, त्यानं तुला मजूर करून ठेवलं, आणि त्यात एकही दुष्ट माणूस मला सापडत नाही. दिवाणजी सोडले तर. पण त्यांचंही काय, ते हरलेच होते.

मी तोवर ग्रामसेविका झाले होते. ब्लॉकमध्ये पुरुषांना बी-खत सांगायला ग्रामसेवक, आणि बायांना शिवण आणि बिनधुराची चूल सांगायला मी. पहिली चूल मी मोठ्या उत्साहानं तुझ्याच स्वयंपाकघरात घातली. तू पाटावर बसून बघत होतीस. मग म्हणालीस, "मले चूल शिकवाले सरकार तुले पगार देते, अन् बियाची गोठ सांगते ते त्या पोट्ट्यायले! ज्यायनं कधी सरतं धरलं नाही त्यायले!" मला ते लागलं. माती भरल्या हातांनी मी उठले आणि इतक्या वर्षांचं सगळं तुझ्या अंगावर ओतलं. म्हटलं, चावडीवर एक शब्द बोलली असतीस तर आज बी तुझ्या दारात आलं असतं. म्हटलं, त्या साली पांढरकवड्याला पाऊस नव्हता, मारेगावला नव्हता, तुझ्या एका नांगरानं एवढ्या मुलखाचं आभाळ अडवलं का? तू शांतपणे ऐकलंस. "मले कळते ते," म्हणालीस. "येडी नाही मी. पन कळून काय होते? ते मांगं घागर घेऊन उभी होती. तिचं लेकरू गेलं त्या साली. तिच्यापुढं कोन्या तोंडानं सांगू, म्या नांगर धरला म्हनून?" एवढं बोलून तू नव्या चुलीत काडी सरकवलीस, आणि धूर नेमका तुझ्याच तोंडावर आला. त्याही वेळी मी तुला भित्री म्हणाले.

त्यानंतर मी गावोगावच्या महिला मंडळांत शिवणाचं मशीन बाजूला सारून हेच सांगत फिरले. नांगराचं भय म्हणजे खूळ आहे, बायांनो, ते टाका. टाळ्या मिळायच्या. वरचे साहेब म्हणायचे, बाई जरा चुलीबद्दलही बोला.

आता तुला सांगते की मला का बसवत नाही. ते वावर आता काकांच्या नातवाकडे आहे. तो ट्रकवर असतो, हैदराबादच्या रस्त्यावर, महिनोन्महिने. वावर त्याची बायको करते. अंगावर पिणारं लेकरू, पण भारी धीट पोरगी. गेल्या महिन्यात मी गेले तर ती स्वतः भाड्याच्या ट्रॅक्टरवर बसून नांगरत होती. मला पाहून उतरली, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "आत्या, मी सारं करतो तं माह्यं नाव लागते का हो कागदावर?" मी म्हटलं, लागतं, नवऱ्याला कबूल कर, मी तुझ्यासोबत तलाठ्याकडे येते, आणि कुणी विचारलं नांगरतं कोण, तर मान वर करून सांग, मी. ती हसली. "सांगतो न! त्यात कायचं भ्यायचं?" ते ऐकून मी एसटीत बसले आणि घरी येईपर्यंत रडले, आनंदानंच.

नवरा कबूल झाला. मृगात जाऊ, असं ठरलं. मृग लागला आणि कोरडा चालला आहे. गावात आज कुणाच्या मनातही त्या गोष्टी नाहीत. लोक मोबाइलवर ढग बघतात. मी मात्र सकाळपासून कितीदा अंगणात गेले. त्या पोरीचं ते अंगावरचं लेकरू सारखं डोळ्यांपुढे येतं. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून लिहिते. तिचा काल फोन आला, आज पुन्हा आला, कधी येता म्हणून विचारायला. मी उचलला नाही, माय. पाऊस आला की उचलीन.