चुकीचा लिव्हर

४ मार्च १९९६
पुन्हा नापास! कॅप्टन श्रीरंग दाभाडेंनी मला कॅप्टनच्या टेस्टमध्ये दुसऱ्यांदा पाडलं. "लँडिंग ठीक. पण हुकूम सोडणारा आवाज नाही तुझ्यात," म्हणे. वर — "घरी जा, कुकर लाव." नव्या खासगी कंपन्यांत माझ्यामागून आलेले कॅप्टन झाले, आणि मी अजून को-पायलट. दाभाडे, तुमचेही दिवस भरतील.

५ मार्च
राजीव म्हणतो, सोडून दे. नवऱ्याचं काय जातं!

११ एप्रिल
देव आहे. दाभाडेंची सहामाही टेस्ट आलीय, आणि शेजारी को-पायलट म्हणून माझं नाव लागलंय.

१८ एप्रिल
सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, टेकऑफ झाला आणि मागे बसलेल्या एक्झॅमिनर भाटियांनी बटण दाबून डाव्या इंजिनाला खोटी आग लावली. आगीची बेल कर्कश वाजायला लागली. नियम असा — कॅप्टनने जळत्या इंजिनाच्या, ते बंद करायच्या लिव्हरवर हात ठेवायचा, को-पायलटने बघून "बरोबर" म्हणायचं, मगच ओढायचा. दाभाडेंनी जन्मात कुणाला विचारलेलं नाही. आजही नाही. हात सरळ उजव्या लिव्हरवर. चांगल्या इंजिनाच्या!

मला दिसलं. चांगली दोन सेकंद दिसलं. गप्प बसले.

दोन्ही इंजिनं गेली, पडद्यावरचं विमान पडलं. दाभाडेंच्या मानेवरून घाम ओघळत होता. इतकं बरं मला स्वतःच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

मग भाटियांनी मला विचारलं, "आपने टोका था? बेल के शोर में मुझे कुछ सुनाई नहीं दिया." मी हेडसेट काढायला लागले. "लिखकर दीजिए," म्हणाले. चूक बघून न बोलणाऱ्या को-पायलटचंही लायसन्स जातं, हे मला तेव्हा आठवलं.

१९ एप्रिल
लिहून दिलं — 'मी दोनदा ओरडून सांगितलं. कॅप्टननी ऐकलं नाही.' साफ खोटं. खाली सही ठोकली. म्हातारा आता कायमचा जमिनीवर. येताना आर. के. पुरमच्या मार्केटमधून पेढे आणले. राजीवने विचारलं, कशाचे? म्हटलं, खा गुपचूप.

२ मे
चौकशी संपली. माझं लायसन्स शाबूत, दाभाडेंचं गेलं. भाटियांनी मला दाभाडेंचा लेखी जबाब दाखवला. 'को-पायलटने मला वेळेवर अडवलं होतं. दोष माझ्या एकट्याचा.' खाली तारीख अठरा एप्रिल. माझं पत्र तेव्हा लिहूनही झालं नव्हतं. मी तोंड उघडलं नाही, हे दाभाडेंना पक्कं ठाऊक होतं.